पिंजऱ्याची जाळी

मे महिन्यातली दुपार. धुळ्यात पारा ४२ च्या वर गेलेला. एक आजी आणि तिचा सातवीतला नातू बुटांचं खोकं घेऊन दवाखान्यात आले. माझ्याकडे येतात त्या म्हशी, शेळ्या, फार तर कुत्री. खोक्यात गिनीपिग होता.

"याले काय जयं दादा?" आजींनी विचारलं. नातू म्हणाला, मागचे पाय गेलेत.

पाय गेलेले नव्हते. चिमटा घेतला की तो जोरात ओढून घेत होता. तळवे उलटे करून पाहिले आणि पोटात कालवलं. दोन्ही टाचा लाल, सुजलेल्या, एकीवर खपली. गुडघे जाड झालेले. हात लागताच किंचाळला.

"खायला काय देतोस?"

"गहू, बिस्किटं, काकडी."

"आणि राहतो कशात?"

पोपटाच्या पिंजऱ्यात. तळाला लोखंडी जाळी. विकणाऱ्याने तोच दिला होता.

दुखणं दुहेरी होतं. जाळीने तळवे सोलले आणि क जीवनसत्त्वाअभावी सांधे धरले. आपल्यासारखंच गिनीपिगचं शरीर हे जीवनसत्त्व बनवू शकत नाही. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पोटात जावंच लागतं, आजारात त्याहून जास्त. मुलाच्या वडिलांनी फोनवर विचारलं, घरात अमॉक्सिसिलिन आहे, देऊ का? मी जवळजवळ ओरडलोच. तोंडावाटे दिलेलं ते औषध यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं; त्यात जनावर दगावतं.

जखमा धुतल्या, मलमपट्टी केली, क जीवनसत्त्वाचे थेंब दिले. थेंब तोंडातच टाकायचे, पाण्यात त्यांचा गुण कमी होतो. पण त्याच जाळीवर परत गेला तर या सगळ्याचा उपयोग काय? संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

या गिनीपिगचा भाऊ गॅलरीत, पत्र्याखाली, तोंड उघडून धापा टाकत होता. या प्राण्याला पंचवीस अंशांपुढची उष्णता सोसवत नाही. दोघांना आधी आतल्या खोलीत आणलं. माळ्यावरची जुनी प्लायवूडची फळी निघाली, चार फूट बाय दोन. दोघांना एवढी जागा हवीच, आणि ती उंच नव्हे, पसरट. त्यांना चढायचं नसतं, पळायचं असतं. भोवती वीतभर उंच कड ठोकली. खाली वर्तमानपत्रांचे थर, वर मऊ चादर. आजींनी फुटका माठ काढून दिला. तो आडवा ठेवून बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं. आत गारवा धरला. लपायला ठेवलेल्या बुटांच्या खोक्याला मात्र दोन दारं कापायला लावली. एकच दार असलं की दांडगा भाऊ दारात बसतो आणि दुसरा आत अडकतो. कूलर लावला, पण वारा थेट अंगावर नको. मुलाला फिरतं चाक आणायचं होतं. नको म्हटलं, त्यांचा कणा त्यासाठी नाही.

खाणं मुख्यतः वाळलेलं गवत. त्यांचे दात जन्मभर वाढतात, ते गवताच्या चावण्यानेच झिजतात. फवारणी न झालेल्या बांधावरचं मारवेल गवत वाळवून आणा म्हणालो. सोबत ढोबळी मिरची, कोथिंबीर. कोवळी ज्वारी अजिबात नको. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, म्हशीलाही लागते, तिथे या सातशे ग्रॅमच्या जिवाचं काय?

अठरा दिवसांनी पुन्हा गेलो. आजींनी फ्रिज उघडला तशी माठातून शीळ ऐकू आली, आणि दोघंही बाहेर पळत आले. आजारी असलेल्याने लाही फुटावी तशी जागच्या जागी उडी मारली. डावी टाच अजून पूर्ण भरली नव्हती. मी पट्टी बदलली आणि आणखी दहा दिवसांचे थेंब लिहून दिले.