ओंडक्याच्या सालीखाली

जंगलात शिरलो की मान आपोआप वर जाते आणि झाडे उभी दिसली, पालवी हिरवीगार दिसली, की सारे काही ठीक असल्याचा समज होतो. माझाही अनेक वर्षे तोच समज होता. अलीकडे मात्र मी खाली पाहत चालतो आणि ओल धरलेला एखादा जुना ओंडका दिसला की त्याच्यापाशी उकिडवा बसतो. परवा अशाच एका ओंडक्याची सुटत आलेली साल बोटाने किंचित उचलून पाहिली. आत लाकडाचा ओलसर भुगा झाला होता, त्यातून बुरशीचे पांढरे धागे पसरत गेले होते, एक पिवळट जाड अळी अंग मुडपून पडली होती आणि उजेड लागताच कणाएवढे जीव टणाटण उड्या मारत दिसेनासे झाले. साल होती तशी पुन्हा दाबून ठेवली.

अशा अळ्यांचा हिशेब आपल्या हिशेबाहून फार वेगळा असतो. युरोपातील ओकच्या जंगलांत, हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेला एक मोठा भुंगेरा आढळतो. त्याची अळी कुजक्या लाकडात कित्येक वर्षे वाढत राहते आणि पंख फुटल्यावर मात्र त्याच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे, फार तर काही महिने येतात. म्हणूनच जंगल ‘स्वच्छ’ करण्याच्या नावाखाली पडलेली लाकडे उचलून नेली जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण ज्याला आपण केरकचरा समजतो ते कुणाचे तरी भरलेले घर असते.

कीटक घटत आहेत, ही केवळ जुन्या माणसांची हळहळ नाही. जर्मनीतील 63 संरक्षित ठिकाणी 1989 ते 2016 या काळात तंबूसारखे जाळीचे सापळे लावून उडणारे कीटक गोळा करण्यात आले आणि दरवेळी त्यांचे एकत्रित वजन नोंदवले गेले. 27 वर्षांत हे वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. जागा संरक्षित होत्या, तरीही ही घट झाली.

पण ते प्रामुख्याने वजनाचे मोजमाप होते. जाती किती उरल्या, हे त्यावरून कळत नव्हते. जर्मनीतच 2008 ते 2017 या काळात तीन प्रदेशांतील कुरणे आणि जंगले यांचा जो अभ्यास झाला, त्यात कीटकांबरोबर कोळ्यांसारखे इतर संधिपाद प्राणीही जातवार मोजले गेले. कुरणांतील जैवभार, म्हणजे या जिवांचे एकत्रित वजन, 67 टक्क्यांनी घटला होता, आणि ज्या कुरणांभोवती शेतजमीन अधिक तिथे घटही अधिक होती. हे एक वेळ अपेक्षित म्हणता येईल. मला अस्वस्थ केले ते जंगलाच्या आकड्यांनी. तिथे जैवभार 41 टक्क्यांनी आणि जातींची संख्या 36 टक्क्यांनी कमी झाली होती, मात्र एकूण जिवांच्या संख्येत तशी स्पष्ट घट दिसली नाही. म्हणजे कुणी नुसती डोकी मोजली असती तर जंगल जवळपास पूर्वीइतकेच भरलेले वाटले असते. प्रत्यक्षात मात्र जातींची विविधता ओसरली होती आणि दर जिवामागचे सरासरी वजनही उतरले होते.

जंगलात अधिक फटका बसला तो दूरवर ये-जा करणाऱ्या जातींना. ते जीव बाहेरच्या शेतजमिनींच्या अधिक संपर्कात येतात म्हणून असे झाले, की जंगलातलीच परिस्थिती त्यांना प्रतिकूल झाली म्हणून, हा प्रश्न संशोधकांनी खुला ठेवला. माझ्या मते तो खुला असला तरी एवढे दिसतेच की नकाशावर काढलेली सीमा कीटकाला कळत नाही. जंगलाची राखण कितीही चोख असली तरी कुंपणापलीकडे फवारणी होत असेल आणि बांधावरची फुलझाडे, झुडपे व गवताच्या पट्ट्या नाहीशा होत असतील, तर एका रानातून दुसऱ्या रानात जाताना कीटकाला मध्ये टेकायला जागा उरत नाही.

सगळीकडे उतारच आहे असेही नाही. जगभरातील 166 दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून 2020 मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात जमिनीवरील कीटकांची संख्या दर दशकाला सुमारे 9 टक्क्यांनी घटताना आढळली, तर गोड्या पाण्यातील कीटकांची सुमारे 11 टक्क्यांनी वाढताना. बऱ्याच ठिकाणी पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. मला या आकड्यातून धीर येतो.

आता पुन्हा त्या ओंडक्याकडे वळतो. सहा खंडांतील 55 ठिकाणी लाकडाचे तुकडे ठेवून एक प्रयोग झाला. काही तुकडे कीटकांना खुले होते, तर काही जाळीच्या पिंजऱ्यात बंद. दोन्हींच्या कुजण्यातील फरकावरून असा अंदाज निघाला की जगभरच्या जंगलांतील मृत लाकडातून दरवर्षी जो कार्बन मोकळा होतो, त्यातील सुमारे 29 टक्क्यांमागे कीटकांचा हात असतो. उष्ण प्रदेशांत हे काम विशेष वेगाने चालते. मोकळा झालेला सगळाच कार्बन हवेत जातो असे नाही, काही मातीतही मुरतो. सालीखाली अंग मुडपून पडलेली ती अळी हेच काम करत होती, आणि ते पुरे व्हायला तिला तो ओंडका अजून काही वर्षे तिथेच पडलेला हवा आहे.