तीन पत्तीवाला पोकर शिकायला बसतो तेव्हा

दरवर्षी दिवाळीत तीन पत्ती खेळतो, त्यामुळे पोकर काय, एका संध्याकाळीत येईल असं मला वाटायचं. परवा मामेबहिणीकडे चौघं टेक्सास होल्डेमला (पोकरचाच एक प्रकार) बसलो, चिप्स नव्हत्या म्हणून राजमा, प्रत्येकी ५० दाणे.

तसं सोपंय. हातात दोन पत्ते, टेबलावर पाच उघडे, आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, शेवटचा रिव्हर, आणि या सातातले बेस्ट पाच धरायचे. घोळ झाला तो शब्दांचा. ती म्हणाली 'दादा, तू बिग ब्लाइंड', तर मी पत्ते न बघताच बसून राहिलो, आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे तेच ना! इथे ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधीच टाकायचे दाणे, तीन पत्तीत सगळे सुरुवातीला बूट टाकतात तसं, फक्त इथे डीलरच्या पुढच्या दोघांनीच, आणि न बघता खेळलात म्हणून अर्ध्यात सुटका वगैरे काही नाही.

मग माझा हात आला. बदाम अठ्ठी, किलवर नव्वी. फ्लॉपला इस्पिक छक्की, चौकट सत्ती, इस्पिक दश्शी, म्हणजे सहा ते दहा ओळीने, डायरेक्ट सिक्वेन्स! कोणी पॅक करू नये, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडू नये म्हणून मी हुशारीने फक्त दोन दाणे टाकले. टर्नला चौकट दुर्री, रिव्हरला इस्पिक राणी. शो झाल्यावर मी 'सिक्वेन्स!' ओरडून राजमा ओढायलाच लागलो.

"दादा, हात काढ." तिच्याकडे इस्पिकचा एक्का आणि तिर्री. पाचही पत्ते इस्पिक, म्हणजे कलर.

पण सिक्वेन्स मोठा ना? तीन पत्तीत हो, कारण प्युअरवाले (एकाच रंगातले सिक्वेन्स) सोडले तर तिथे कलर १,०९६ प्रकारे लागतो आणि सिक्वेन्स ७२० च. पाच पत्त्यांत उलटं होतं, सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, जे दुर्मिळ ते वरचढ. (हाच न्याय लावला तर तीन पत्तीत ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे) ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८, म्हणजे प्युअर वर हवा, पण हे दिवाळीत बोललो तर मार खाईन.)

आणि खरी चूक तर ती दोन दाण्यांची होती म्हणे. फ्लॉपला तिला चार इस्पिक दिसत होते, उरले नऊ, दोन पत्ते यायचे बाकी म्हणून नवाला चारने गुणायचं, नऊ चोक छत्तीस, साधारण ३५ टक्के चान्स. "एवढ्या चान्सला तू दोन दाणे मागितलेस, वीस मागितले असतेस तर मी पॅक केलं असतं ना!"