सौदा एक, पट्टी दुसरी

आण्णांना एकदा अभंगांच्या मोठ्या मैफलीला न्यायचं, हे आमच्या घरात आषाढीलाच ठरलं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील, वय ७६. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं काकड्याला मृदंग वाजवला. आता बोटं साथ देत नाहीत, पण कुठे अभंग लागला की हात आपसूक मांडीवर येतो आणि ठेका सुरू होतो. संभाजीनगरला एका नावाजलेल्या गायकाची मैफल असल्याचं लेकीने मोबाइलवर दाखवलं. खाली लिहिलं होतं, ‘तिकीट ४९९ पासून’.

आण्णा, आई, मी, ही, लेक आणि धाकटी बहीण, असे सहा जण. सहा गुणिले ४९९ म्हणजे २९९४. तीन हजारात बसतंय, म्हटलं काढून टाकू.

मी लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम आहे, बावीस वर्षं झाली. दिवसभर हिशोबपट्ट्या लिहिणं हेच काम. हे सांगायचं कारण पुढे येईलच.

रात्री जेवणं झाल्यावर तिकिटं काढायला बसलो. खुर्च्या निवडल्या, आण्णांना जिन्याचा त्रास नको म्हणून कडेच्या घेतल्या. मग मोबाइल नंबर, मग ओटीपी, मग ईमेल. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत होतं, आठ मिनिटं, सात मिनिटं एकोणसाठ सेकंद. इथपर्यंत सगळीकडे ४९९ हाच आकडा दिसत होता. शेवटच्या पानावर ‘पैसे भरा’च्या हिरव्या पट्टीत आकडा आला ३६२३ रुपये ४० पैसे.

मला वाटलं चुकून सात खुर्च्या निवडल्या गेल्या. मागे जाऊन मोजल्या, सहाच होत्या. मग त्या आकड्याशेजारी एक बारीक बाण दिसला, नखाएवढासुद्धा नसेल. तो दाबला तेव्हा कुठे पट्टी उघडली. सोयीचं शुल्क तिकिटामागे ५५, म्हणजे ३३०. त्यावर १८ टक्के जीएसटी ५९ रुपये ४० पैसे. ‘तिकीट संरक्षण’ नावाची काहीतरी सेवा, माणशी ३९ प्रमाणे २३४. आणि देणगी, तिकिटामागे एक रुपया, ६. वरचे एकूण ६२९ रुपये ४० पैसे. एवढ्यात सातव्या माणसाचं तिकीट येऊन वर पैसे उरले असते.

आण्णा शेजारीच बसले होते. त्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, “सौदा एक अन् पट्टी दुसरीच कशी रे?”

माझ्या मनात तेव्हापासून हे वाक्य बसलंय, कारण ते माझ्याच धंद्यातलं आहे. मोंढ्यात सौदा निघतो तेव्हा शेतकरी ढिगाजवळ उभा असतो. सोयाबीनचा जो भाव पुकारला, तो त्याच्या कानावर पडलेला असतो. मग मी पट्टी करतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, प्रत्येकाची वेगळी ओळ, खाली निव्वळ रक्कम. हमाली किती, तोलाई किती, हे त्याला माल उतरवायच्या आधीपासून ठाऊक असतं. मोंढ्यात सगळं सोवळं आहे असं मी म्हणत नाही. ओलावा जास्त, माती जास्त म्हणून कटती लावली आणि ती आधी सांगितली नाही, यावरून झालेली भांडणं मी डोळ्यांनी पाहिलीत, आणि दर वेळी माझ्या मते शेतकऱ्याचंच बरोबर होतं. भाव ठरल्यावर नवी ओळ घालायची नाही. एवढं तरी माझ्या हातून बावीस वर्षांत पाळलं गेलंय.

तर त्या रात्री मी ‘तिकीट संरक्षणा’च्या चौकटीतली खूण काढली. ती माझ्यासाठी आधीच करून ठेवलेली होती. काढली तशी मध्येच एक पाटी उघडली आणि तिच्यावर दोन बटणं. एक मोठं, रंगीत, ‘हो, माझी तिकिटं सुरक्षित ठेवा’. दुसरं करड्या बारीक अक्षरात, ‘नको, मी धोका पत्करतो’. हिने ते वाचलं आणि हळूच म्हणाली, “राहू द्या ना मग, आण्णांना न्यायचंय.” तिचं काही चुकलं नाही. घरातलं म्हातारं माणूस, लांबचा प्रवास, ऐनवेळी काही झालं तर, अशी भीती मनात येतेच. त्या बटणावरची ओळ लिहिणाऱ्याला ती भीती नेमकी ठाऊक आहे, आणि तिचे तो माणशी ३९ रुपये घेतो. मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. देणगीचीही खूण काढली. दान मी करतो, आमच्या गावच्या सप्ताहाला दरवर्षी पावती फाडतो, पण माझ्या खिशातून दुसऱ्याने परस्पर केलेल्या दानाला दान कसं म्हणायचं? उरले ३३८३ रुपये ४० पैसे. ते यूपीआयने भरले. खुर्च्या हातच्या जातील म्हणून भरले, हेही खरं.

नंतर मी यात शिरलो आणि बरंच काही कळलं. ते इथे सविस्तर मांडतो, कारण आपल्याकडे हे फार जणांना ठाऊक नाही.

४९९ हाच आकडा का, हे आधी सांगतो. नाटक, नृत्य, गाण्याची मैफल यांचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. पूर्वी ही मर्यादा २५० होती, २०१८ च्या जानेवारीत ५०० झाली. त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणून ४९९. सवलत चांगलीच आहे, साध्या माणसाला कार्यक्रम परवडावा म्हणून आहे. पण सोयीचं शुल्क ही वेगळी सेवा धरली जाते आणि तिला सवलत नाही. म्हणजे आण्णांच्या अभंगांवर कर नव्हता, अभंगांचं तिकीट मोबाइलवर आल्याबद्दल मात्र होता. आणि खिशातून गेले माणशी ५६३ रुपये ९० पैसे.

हे शुल्क घेणं बेकायदा आहे का? नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर याबद्दल चुकीचे मेसेज फिरतात. ऑनलाइन तिकिटावर चित्रपटगृहांनी असं शुल्क घेऊ नये, असे आदेश राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते २०२५ च्या जुलैमध्ये रद्द केले. व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय, ग्राहकाला सोय वाटत असेल तर त्याने शुल्क देऊन घरबसल्या तिकीट घ्यावं, त्यात सरकारने आडकाठी करू नये, असा त्या निकालाचा सूर आहे.

मला तो निकाल पटतो. ज्याने यंत्रणा उभी केली त्याने पैसे घ्यावेत. माझा प्रश्न लातूरातून उठतो. सोय ही सोय तेव्हाच, जेव्हा दुसरा रस्ताही मोकळा असतो. संभाजीनगरात राहणारा माणूस संध्याकाळी चक्कर मारून खिडकीवर तिकीट घेऊ शकतो. मला अंबाजोगाई, केज, बीड करत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. पूर्वी आपल्या दयानंद सभागृहात नाटक लागायचं तेव्हा जाहिरातीतच लिहिलेलं असायचं, तिकिटं अमुक पुस्तकाच्या दुकानात, तमुक मेडिकलवर मिळतील. दुकानदार कागदावरचा प्लॅन समोर ठेवायचा, आपण बोट ठेवायचं, तो त्या चौकोनावर पेनने फुली मारायचा. तिकिटावर जो आकडा तेवढेच पैसे. आता बाहेरगावच्या माणसाला ऑनलाइनशिवाय वाटच उरली नसेल, तर त्या शुल्काला सोयीचं का म्हणायचं?

आणि ते माणशी का? रेल्वेचं बघा. आयआरसीटीसीवर तिकीट काढलं की सोयीचं शुल्क लागतंच. बिनएसी डब्याला यूपीआयने भरलं तर १० रुपये, नाहीतर १५, एसीला २० किंवा ३०, वर जीएसटी. पण ते अख्ख्या तिकिटाला, आणि एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात. आमच्या सहा जणांच्या बिनएसी प्रवासाला ११ रुपये ८० पैसे लागले असते. त्याच सहा जणांच्या मैफलीला ३८९ रुपये ४० पैसे. दोन्हीकडे बुकिंग एकदाच झालं, ओटीपी एकदाच आला, पैसे एकदाच वळते झाले. बँकेचा खर्च म्हणावा, तर १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर व्यापाऱ्याला शुल्कच नाही. मग तिकिटामागे ५५ कशाचे, ही ओळ मला कुठल्याच पट्टीत सापडली नाही.

शुल्क घेणं गुन्हा नाही, पण ते लपवण्याला मात्र कायद्यात नाव आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला चकवण्याचे तेरा प्रकार त्यात दिलेत. मी ते वाचत गेलो आणि माझी ती रात्र ओळीने समोर येत गेली. किंमत आधी अर्धी सांगून शेवटी पूर्ण उघड करायची, ते ‘ड्रिप प्रायसिंग’. न विचारता टोपलीत काही टाकायचं, ते ‘बास्केट स्नीकिंग’, आणि त्यात देणगीचा उल्लेख स्पष्ट आहे. नको म्हणणाऱ्याला ओशाळं करायचं, ते ‘कन्फर्म शेमिंग’. हिला ज्या बटणाने गप्प केलं, त्याचं हे नाव. घड्याळाबद्दल मी तक्रार करणार नाही. एकाच खुर्चीवर दोघांनी हक्क सांगू नये म्हणून ती थोडा वेळ अडवून ठेवावीच लागते. पण मग खरी रक्कम घड्याळ सुरू व्हायच्या आधी दाखवा. सात मिनिटं नाव-नंबर भरण्यात घालवायची आणि बाण शोधायला शेवटचं एक मिनिट ठेवायचं, हे बरोबर नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी मेसेज आला की मैफल पुढे ढकलली आहे, पैसे परत मिळतील. आठवड्याने जमा झाले २९९४. सोयीचं शुल्क आणि त्यावरचा कर, म्हणजे ३८९ रुपये ४० पैसे, परत नाही. ‘शुल्क विनापरतावा आहे, अटी पाहाव्यात.’ कार्यक्रम आम्ही रद्द केला नव्हता. आण्णांनी धोतरजोडी इस्त्रीला टाकली होती.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला. ही हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते, निकाल देण्याचा अधिकार तिला नाही. तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं, तेच, ‘अटी पाहाव्यात’. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरूनही करता येतो. ३८९ रुपयांसाठी एवढं कशाला, असं दुकानात दोघा-तिघांनी विचारलं. मोंढ्यात एखाद्याच्या पट्टीत माझ्याकडून ३८९ रुपये जास्त कापले गेले तर तो दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन येतो, आणि मला ते द्यावेच लागतात. मीही माझी पट्टी घेऊन जाणार आहे.

तुम्ही तिकिटं काढाल तेव्हा एवढं नक्की करा. तो बाण शोधा. आधीपासून केलेल्या खुणा काढा. आणि पहिल्या पानाचा, शेवटच्या पानाचा असे दोन्ही स्क्रीनशॉट ठेवा. माझ्याकडे शेवटच्याचा होता, ‘४९९ पासून’ लिहिलेल्या पहिल्या पानाचा नव्हता, आणि तो लेकीच्या मोबाइलमध्ये निघाला म्हणून निभावलं.

मैफलीची नवी तारीख लागली. या वेळी संभाजीनगरातच, सिडको भागात राहणाऱ्या मेहुण्याला फोन केला. तो सकाळी नऊच्या आधी जाऊन नाट्यगृहाच्या खिडकीवर उभा राहिला. खिडकी उघडल्यावर त्याने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला आणि प्लॅन दाखवला. आण्णांनी चष्मा लावून कडेच्या सहा खुर्च्या स्वतः निवडल्या. मेहुण्याने तीन हजार दिले. आतल्या माणसाने सहा तिकिटं फाडली, शिक्का मारला आणि सहा रुपये परत दिले.