उ-पन-गर

चौथीतली ती पोर ‘अडकला’ सहज वाचायची आणि ‘अडकवला’पाशी अडायची. अ, ड, क, व, ला. पाचही अक्षरं बरोबर, शब्दाचा पत्ता नाही. केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “बाई, बाराखडी पक्की करून घ्या.” अहो, बाराखडीच तेवढी पक्की आहे तिची! निपुण भारत या सरकारी वाचन-गणित मोहिमेच्या हिशेबाने तिसरी संपताना मिनिटाला निदान 60 शब्द वाचता यायला हवेत. घड्याळ लावणारे पुष्कळ येतात, लांब शब्द कुठे तोडायचा ते कुणी सांगत नाही.

कागदावर ‘अ’ काना-मात्रा नसलेल्या प्रत्येक अक्षरात असतो, बोलताना आपण तो मधेमधे गिळतो. कुठे गिळायचा? मी मुलांना मागून तोडायला शिकवते. ‘ला’ला काना आहे, म्हणून आधीचा ‘व’ पाय मोडून, म्हणजे आपला ‘अ’ गिळून, ‘क’ला चिकटतो: कव-ला. मग ‘ड’ पाय मोडून ‘अ’ला: अड-कव-ला. ‘व’ काढा, सगळंच सरकतं: अ-डक-ला. तसंच स-मज-ला, पण सम-जा-वून. हे फळ्यावर जमलं त्या दिवशी मी डबा खायचा विसरले होते.

तिने त्यात स्वतःची युक्ती घातली. अंगठ्याने शब्दाचं तोंड झाकायचं, शेपूट वाचायचं, मग अंगठा हळूहळू डावीकडे. ‘उतरवणे’ तिने असंच सोडवलं: णे, रव-णे, उत-रव-णे.

गेल्या मंगळवारी परिसर अभ्यासाच्या तासाला अंगठा सरकला आणि ती ठणठणीत आवाजात म्हणाली, “उ-पन-गर.”

वर्ग खदखदला. ‘चूक’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गर, त्याआधी ‘न’ पाय मोडून ‘प’ला, उरला ‘उ’. मी शिकवलं होतं तसंच, अक्षरशः.

“अगं, उप वेगळं, नगर वेगळं. दोन शब्द जोडलेत.”

“मग बाई, ते वाचायच्या आधी कसं कळणार?”

मी काहीतरी पुटपुटले. चार दिवस झाले, अजून धड उत्तर सापडलेलं नाही. नगर हा शब्द कानावरून गेलेला असेल तर कळतं, नसेल तर?

वहीच्या शेवटच्या पानावर तिने यादी सुरू केलीय, ‘बाईंचं न ऐकणारे शब्द’. पहिला उपनगर. दुसरा मीच दिला, असफल. तिसरा तिने माझ्या टेबलावरच्या रजेच्या अर्जातून उचलला. अंगठा ठेवून तिने तो आधी माझ्या नियमाने वाचला, “बि-नप-गा-री,” आणि माझ्याकडे बघत हसली.