खिडकीतला रुमाल

गेल्या आठवड्यात भर दुपारी सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली, आणि मी धक्के खात आत पोहोचेपर्यंत उरलेल्या एकमेव जागेवर निळ्या चौकड्यांचा एक रुमाल पसरलेला होता. "कुणीतरी खिडकीतनं टाकलाय बघा," शेजारचे आजोबा म्हणाले. टाकलेला रुमाल उचलणे माझ्याच्याने आजवर झालेले नाही. मी दांडीला धरून उभा राहिलो आणि त्या अनोळखी मालकाला मनातल्या मनात नावे ठेवू लागलो. मनुष्य आपमतलबी असणार, लग्नात पहिल्या पंगतीला बसणारा असणार, मागून नेलेली शिडी कधीही परत न करणारा असणार.

दिवाळीत आजोळी कऱ्हाडला जाताना वडील मला बखोटीला धरून याच स्टँडवर खिडकीतून आत सोडीत. मी दोन बाकांवर आडवा पडून राही. कोणी हटकलेच, तर 'माणूस येणार आहे' एवढेच म्हणायचे, अशी शिकवण होती. एकदा जागा अपुरी पडू लागली तेव्हा मी पायातली चप्पल काढून पलीकडच्या बाकावर ठेवली आणि वडिलांनी घरी त्याचे कौतुक केले. अर्थात आमची गोष्ट वेगळी होती. आईच्या कडेवर धाकटी बहीण असे.

फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनी एक छोटा चित्रपट दाखवला होता. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ दार असलेल्या चौकटीभोवती फिरत होते, बाकी काही नाही. जे दिसले ते लिहा, असे ३४ जणांना सांगितले, तर निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिणारा एकच निघाला. मोठ्या त्रिकोणाला तर लोकांनी दांडगट ठरवले. त्रिकोण निदान हलत तरी होता. माझा रुमाल नुसता पडून होता.

गाडी सुटली, तरी मालक आला नाही. त्यामुळे तो निर्दोष ठरावा, तर तसेही झाले नाही. आपमतलबी होताच, आता वेंधळाही ठरला.

"बसा की आता," आष्ट्याला आजोबा म्हणाले. मी बसलो, रुमालाची घडी करून मांडीवर ठेवली, आणि साताऱ्याला उतरताना ती उलगडून तो पुन्हा होता तसा बाकावर पसरून ठेवला.