टू बीएचकेतून वन बीएचके: आधी दारं मोजा

मुंबईत लहान घरात जाताना लोक कार्पेट एरियाचा आकडा धरून बसतात. त्यावरून सामान मावेल की नाही ते कळत नाही. रेरा म्हणजे बिल्डरांवरचा कायदा; त्याच्या व्याख्येत घरातल्या पार्टिशनच्या भिंतींची जागाही कार्पेटमध्येच धरतात. त्यामुळे करारात ४०० चौरस फूट लिहिलं असलं, तरी टेप लावून फरशी मोजली की आकडा खाली येतो. टेपही स्कर्टिंगपासून (भिंतीच्या तळाशी बसवलेली पट्टी) स्कर्टिंगपर्यंत लावायची, कारण कपाट स्कर्टिंगलाच टेकतं.

खोलीच्याही आधी वाट मोजा: लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, सेफ्टी डोअर, बेडरूमची चौकट. मागे भिंत असल्यामुळे दार पुरतं उघडत नसेल, तर फळीची जाडी आणि हँडल वजा करून जे उरतं तेच खरं माप. नेहमीचं लोखंडी कपाट साधारण ७८ इंच उंच, ३६ रुंद, १९ खोल असतं. आडवं आणून उभं करताना ते तिरकं होतं, म्हणून त्याला ८० इंचांहून थोडी जास्त उंची लागते. सात फुटी, दोन फूट खोल लाकडी वॉर्डरोबला ८७-८८ इंच लागतात. पॅसेजवर सात फुटांवर सामानाचा माळा असेल तर तिथे तो उभा होणारच नाही. आडवाच बेडरूममध्ये न्यायचा आणि मोकळ्या छताखाली उभा करायचा. त्यासाठी खोली रिकामी हवी, म्हणून कपाटं बेडच्या आधी आत जातात आणि टेम्पोत सगळ्यात शेवटी चढतात. पॅकर्सच्या माणसांना हे निघतानाच सांगा. एकदा टेम्पो भरला की कोणी ऐकत नाही.

सगळ्यात अवघड निर्णय बेडचा. दहा फूट रुंद खोली म्हणजे १२० इंच. किंग साइज गादी ७२ इंच, फ्रेम धरून ७५. बेड एका भिंतीला सारला तरी ४५ इंच उरतात, त्यातले १९ समोरच्या कपाटाचे. राहिले २६. कपाटाचं दार उघडलं की ते १८ इंच पुढे येतं आणि उभं राहायला आठ इंच उरतात! क्वीन साइज, म्हणजे ६० इंचांची गादी घेतली तर हेच आठ इंच वीस होतात. किंग विकून टाका, हे माझं स्पष्ट मत. सरकत्या दारांचं कपाट हाही उपाय आहे, पण त्यात एका वेळी अर्धंच कपाट उघडतं.

हायड्रॉलिक बेड खोलताना आधी गादी काढून मग झाकण उघडायला गेलात, तर वजन नसल्यामुळे ते जोरात वर उसळतं. आधी गादीसकट झाकण पूर्ण उघडा, एकाने ते धरून ठेवावं आणि दुसऱ्याने झाकण उचलणारे पिस्टन सोडवावेत. नव्या घरात गादी बदलणार असाल तर वजन जुन्याइतकंच ठेवा. हलक्या फोमच्या गादीखाली झाकण नीट बसत नाही आणि जड काथ्याच्या गादीखाली वर टिकत नाही.

पुस्तकांना लहान खोकी घ्या. दीड घनफुटाचं खोकं ठासून भरलं तर पंचवीस किलोच्या पुढे जातं आणि उचलताना तळ फाटतो.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे नेताना ड्रम घट्ट धरून ठेवणारे बोल्ट, शोधून पुन्हा लावा, नाहीतर टेम्पोच्या हादऱ्यांनी ड्रमचं सस्पेन्शन जातं. पोहोचल्यावर, पहिल्यांदा मशीन लावण्याआधी, ते आठवणीने काढायचे.

सिलिंडरवरून पाइप गॅसच्या घरात जात असाल तर शेगडीचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी छोटी तोंडं) बदलावे लागतात. पाइप गॅसला मोठं छिद्र लागतं, जुन्या जेटवर ज्योत मिणमिणती राहते. उलटं केलं, म्हणजे पाइप गॅसची शेगडी तशीच सिलिंडरला लावली, तर ज्योत पिवळी आणि भडक होते, भांडी काळी पडतात. हे काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

कपाटाची जागा ठरवताना बाहेरची भिंत कुठली ते बघा, त्यातही पश्चिमेची. पावसाचा मारा तिथेच जास्त. पर्याय नसेल तर मागे दोन-तीन इंच फट सोडा. भिंतीला चिकटलेल्या प्लायला पाठीमागून बुरशी धरते आणि ती गणपतीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.