सिस्टर, तुम्ही इतक्या तुटक का बोलता?

"सिस्टर लोक इतक्या तुटक का बोलतात हो?" मी नर्स आहे हे कळलं की ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत, ठाणे-वाशी लोकलमध्ये, लग्नकार्यात, कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट उत्तर देते.

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला आहे. तिथे आधी कोण आलं यावर नंबर लागत नाही, जिवाला धोका कुणाच्या जास्त यावर लागतो. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या देखत, मागून आलेला छातीत दुखणारा माणूस आत जातो. तिचा जीव खालीवर होतो, ते मला कळतं. शहापूर-मुरबाडकडचे पेशंट तर आधीच दोन ठिकाणी ‘पुढे न्या’ ऐकून आलेले असतात. बेड नाही, औषध बाहेरून आणा, डॉक्टर ऑपरेशनला आहेत, यातलं काहीच माझ्या हातात नसतं. पण समोर मी उभी असते. मग "आमच्या पैशावर पगार खाता", "तुझी नोकरी घालवतो", आणि बाई म्हणून जे ऐकवतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत असतं. वॉर्डातल्या मावशींना आणि गेटवरच्या सिक्युरिटीला तर याहून वाईट, कारण त्यांची बाजू घ्यायला कुणीच नसतं.

एवढं ऐकून लगेच पुढच्या पेशंटची शीर शोधायची असते. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या आयसीयूतल्या टीमवर एक प्रयोग झाला होता, तो 2017 साली ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरावासाठी आजारी बाळाच्या केस दिल्या, आणि काही टीमना बाळाची आई बनलेली बाई टोचून बोलली. त्या टीमचं निदानही घसरलं आणि उपचारही. शिव्या नव्हत्या, नुसतं टोचून बोलणं होतं. मला हेच सगळ्यात गंभीर वाटतं. बोलणी मी खाते, पण झळ बसते ती मला काहीच न बोललेल्या पेशंटला.

आता तुटकपणाचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या अवस्थेची, व्याख्या केली, त्यात थकव्याबरोबर कामापासून मनाने लांब जाणं हेही आहे. तुम्हाला दिसतो तो तुटकपणा बहुतेक वेळा हाच. मोजकं बोललं की अंगावरही मोजकंच येतं. हसतखेळत रुजू झालेली मुलगी हळूहळू "थांबा", "बाहेर बसा" एवढ्यावर येते, आणि घरीही तशीच राहते. नाईट करून आलं तरी झोप लागत नाही, ऐकलेलं वाक्य डोक्यात फिरत राहतं. काही जणी ओपीडी मागून घेतात, काही परदेशी जातात. त्यांच्या जागा भरेपर्यंत उरलेल्यांवर पेशंट वाढतात, ताटकळणं वाढतं आणि नातेवाइकांचा पारा आणखी चढतो.

महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे: रुग्णालयात हल्ला केला तर 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. हात उचलला तर तो कामी येतो. रोजच्या अपमानाची मात्र नोंदही होत नाही. "पेशंटच्या घरचे आहेत, सोडून दे" म्हणतात. पोलिसात जायचं तर रुग्णालयाने जावं, ड्यूटी संपवून एकट्या नर्सने नव्हे. आणि असं काही घडलं की तिला दहा मिनिटं बाजूला बसू द्यावं, तोवर दुसरीने केस सांभाळावी. त्यासाठी दुसरी ड्यूटीवर असायला हवी, आणि तिथेच सगळं अडतं.

मग आम्ही काय करायचं, असंही विचारता. आमच्याशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा. डॉक्टर कधी भेटतील ते विचारा, सांगणं आमचं कामच आहे. तक्रार असेल तर लेखी द्या, माझ्याविरुद्ध असली तरी.

नव्या मुलींना मी टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर देते. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. "एवढं काही झालेलं नाही हो," त्या म्हणतात. मी म्हणते, तरी कर.